शंकेचे पाच वर्ग

"बाई, बाकीचं राहू द्या. आहे की नाही, तेवढंच सांगा." सायटोलॉजीच्या खिडकीवर रिपोर्ट न्यायला आलेल्या नातेवाइकांचं हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. मी डॉक्टर नाही. मी स्क्रीनर, म्हणजे डॉक्टरांच्या आधी काच पाहणारी. काचपट्टीवर पसरलेल्या हजारो पेशी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघायच्या, जिथे खटकेल तिथे शाईचा ठिपका द्यायचा आणि ती काच मोठ्या मॅडमकडे सरकवायची. धडधडीत कॅन्सर असला तर तो ओळखायला फार अक्कल लागत नाही. अवघड असतं ते "असावं", "असेलही", "वाटतंय, पण" हे कागदावर अशा रीतीनं उतरवणं, की वाचणाऱ्या डॉक्टरला पुढे काय करायचं ते कळेल. पेशी बघून कॅन्सर ओळखण्याच्या आमच्या या विद्येचा इतिहास सांगायला बसलं की लोक पापानिकोलाउ हे नाव घेतात आणि मोकळे होतात. मला मात्र हा सगळा इतिहास शंका नीट लिहायला शिकण्याचा वाटतो.

त्या दृष्टीनं पाहिलं तर पहिला धडा जर्मनीच्या राजघराण्याला मिळाला, आणि तो फार महागात पडला. १८८७ साली युवराज फ्रेडरिकचा आवाज बसला. घशात, स्वरयंत्रावर गाठ होती. जर्मन डॉक्टर शस्त्रक्रियेच्या तयारीत होते. लंडनहून मॉरेल मॅकेन्झी यांना बोलावलं. त्यांनी आधी तुकडा काढून तपासू म्हटलं. तुकडा गेला रुडॉल्फ विरचोंकडे. पॅथॉलॉजीत त्यांच्यावर माणूस नव्हता. विरचोंना त्यात कॅन्सर दिसला नाही. आपण बोलतोय ते हाती आलेल्या तुकड्याबद्दल, सगळ्या दुखण्याबद्दल नव्हे, हे त्यांनी सांगितलं होतं. पण तेवढं कोण लक्षात ठेवतो? "या तुकड्यात नाही" याचं "नाही" झालं आणि शस्त्रक्रिया बारगळली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये युवराज इटलीत सान रेमोला होता, श्वासासाठी गळ्याला भोक पाडलेलं होतं. तिथे विल्हेल्म वाल्डेयर यांनी त्याचा कफ सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि कॅन्सरच्या पेशी ओळखल्या. कापाकापी न करता, शरीरानं आपण होऊन बाहेर टाकलेल्या पेशींवरून केलेलं निदान! तोवर वेळ निघून गेली होती. फ्रेडरिक सम्राट झाला, नव्याण्णव दिवस राज्य केलं आणि १५ जून १८८८ ला गेला. क्रोमोसोम हा शब्दही वाल्डेयर यांनी त्याच वर्षी रूढ केला, पण शाळेच्या पुस्तकात मुलांना तेवढंच सांगतात.

कफात पेशी शोधणं तेव्हाही नवलाचं नव्हतं. लंडनच्या लायोनेल बील यांनी १८६० मध्येच घशाच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या थुंकीत अशा पेशी पाहून त्यांची चित्रं काढली होती. मग ही विद्या पुढची सत्तर-ऐंशी वर्षं मागे का पडली? कारण तुकडा मेणात बसवून त्याच्या पातळ चकत्या कापण्याचं तंत्र दरम्यान पक्कं झालं. चकतीत पेशीचे शेजारी दिसतात. ती आपल्या हद्दीत आहे की खालचा पडदा फोडून आत घुसलीय, ते दिसतं. सुटी पेशी म्हणजे गाव सोडून आलेला माणूस. त्याच्या कपड्यांवरून, बोलण्यावरून काय ओळखायचं ते ओळखा. ज्यांना चकती मिळते त्यांनी सुट्या पेशीच्या नादाला का लागावं, असं तेव्हाच्या शहाण्या लोकांना वाटलं, आणि त्यात फारसं चूक नव्हतं.

आता पापानिकोलाउ. जन्म १८८३, ग्रीसमधलं किमी गाव. अथेन्सला डॉक्टर झाले, म्युनिकला पीएचडी केली आणि १९१३ मध्ये बायकोला घेऊन न्यूयॉर्कला उतरले. इंग्रजी धड येत नव्हतं. गिम्बेल्स नावाच्या दुकानात ते गालिचे विकत, तिथेच मेरीबाई आठवड्याला पाच डॉलरवर बटणं शिवत. पुढे कॉर्नेलच्या शरीररचना विभागात जागा मिळाली. काम होतं गिनीपिगच्या स्त्रीबीजांचं. बीज नेमकं कोणत्या दिवशी परिपक्व होतं हे कळायला प्राणी मारावे लागत. त्यांनी डोकं चालवलं: सगळ्या सस्तन माद्यांना पाळी येत असेल तर तिचा काही तरी मागमूस असणारच. नाक तपासायचं छोटं उपकरण वापरून त्यांनी रोज गिनीपिगच्या योनीतला स्राव काचेवर घेतला आणि पेशींचं रूप चक्राप्रमाणे बदलतं हे दाखवून दिलं. ते साल १९१७.

मग माणसाची पाळी. रोज नमुना द्यायला कोण तयार होणार? मेरीबाई. वीसएक वर्षं त्यांनी स्वतःचे नमुने दिले, शिवाय प्रयोगशाळेतलं कामही केलं. मूल होऊ द्यायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. आमच्या शिक्षणात मेरीबाईंना एक ओळ होती, तीही "पत्नीचे मोलाचे सहकार्य" या चालीवर. निरोगी पेशीचं रूप महिन्याच्या कोणत्या दिवशी कसं असतं हे ज्या शरीरावरून जगाला कळलं, त्याला एक ओळ! नॉर्मल कशाला म्हणायचं हे ठरल्याशिवाय शंका घ्यायची कशावर? मी तरी नव्या मुलींना शिकवताना सुरुवात मेरीबाईंपासून करत असे.

न्यूयॉर्कच्या रुग्णालयातल्या बायकांचे नमुने बघता बघता पापानिकोलाउंना एका काचेत गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी दिसल्या. ते त्यांनी जानेवारी १९२८ मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथे जाहीर केलं. परिषद कसली, तर "वंशसुधारणे"ची. भरवणारे कोण, तर कॉर्नफ्लेक्सवाले जॉन हार्वी केलॉग. अशा सभेत वाचलेल्या निबंधाला डॉक्टर मंडळी कितीशी भाव देणार? शिवाय पिशवीचं तोंड डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, चिमटीत तुकडा येतो; मग हा स्राव कशाला चाळत बसायचं? गंमत म्हणजे वर्षभर आधी, जानेवारी १९२७ मध्ये, बुखारेस्टच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सभेत ऑरेल बाबेश यांनी डॉक्टर डॅनियल यांच्याबरोबर अशीच पद्धत मांडली होती. बाबेश जंतुशास्त्रातली प्लॅटिनमची कडी थेट पिशवीच्या तोंडावर टेकवत, नमुना वाळवून गिम्साचा रंग देत. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. रुमानियात आजही या तपासणीला दोघांचं नाव जोडतात. मला ते रास्त वाटतं. पण बाबेश पुढे या कामातून बाजूला झाले आणि पापानिकोलाउ चिकटून राहिले. नाव चिकाटीला मिळालं.

अकरा वर्षं काहीच हललं नाही. १९३९ मध्ये कॉर्नेलच्या विभागाला जोसेफ हिन्सी हे नवे प्रमुख मिळाले. त्यांनी या माणसाला सांगितलं, तुमचं ते कॅन्सरचं काम पुन्हा काढा. हर्बर्ट ट्राउट हे स्त्रीरोगतज्ज्ञ जोडीला आले आणि रुग्णालयात स्त्रीरोग विभागात येणाऱ्या प्रत्येक बाईचा नमुना घ्यायचं ठरलं. १९४१ मध्ये त्यांचा निबंध आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत इकडे परळला टाटा मेमोरियल सुरू झालं होतं आणि डॉ. वसंत खानोलकर तिथली पॅथॉलॉजी उभी करत होते. १९४३ मध्ये पापानिकोलाउ आणि ट्राउट यांचं पुस्तक निघालं. त्यातली चित्रं हाशिमे मुरायामा या जपानी चित्रकारानं हातानं रंगवलेली आहेत. फोटोत न येणारा रंगांचा पोत त्यात आहे.

रंगांवर थोडं थांबते, कारण माझं निम्मं आयुष्य त्यात गेलं. काचेवर नमुना पसरला की तो ओला असतानाच पंचाण्णव टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायचा. पापानिकोलाउ ईथर आणि अल्कोहोल निम्मंनिम्मं घेत; वास उग्र, पेट घ्यायची भीती वेगळी. मग हिमॅटॉक्सिलीन, त्यानं न्यूक्लियस रंगतो. मग नळाच्या पाण्याखाली काच धरायची की तांबूस झाक जाऊन निळी येते. मग ऑरेंज-जी, मग ईए, मधे मधे अल्कोहोलच्या बुडक्या, शेवटी झायलीन. नीट जमलं तर वरच्या थरातल्या पिकल्या पेशी गुलाबी, मधल्या थरातल्या निळसर हिरव्या आणि कडक केराटिन भरलेली पेशी झगझगीत नारिंगी. पेशीचा अंगरखा पारदर्शक राहतो, त्यामुळे एकावर एक चढलेल्या पेशीही आरपार दिसतात. या रंगाची खरी करामत ती. जाडसर थरात दडलेला काळपट, वेडावाकडा न्यूक्लियसही लपत नाही. शेपटी फुटलेल्या नारिंगी पेशीला आम्ही टॅडपोल म्हणतो. ती एकदा पाहिली की माणूस विसरत नाही.

पण नमुना अल्कोहोलमध्ये जायला जरा उशीर झाला, हवेनं वाळला, की न्यूक्लियस फुगतो, फिका पडतो, रेषा पुसट होतात आणि धडधाकट पेशी संशयित दिसू लागते. एका तालुक्याच्या दवाखान्यातून आम्हाला काचा वर्तमानपत्रात गुंडाळून येत, सुक्या खडखडीत. वर चिठ्ठी: लवकर रिपोर्ट द्यावा. कसला देणार?

पापानिकोलाउ स्राव घेत ते काचेच्या नळीनं, रबरी फुगा दाबून. त्यात पिशवीच्या तोंडावरून आपोआप झडलेल्या पेशी येत, शिळ्या, सुरकुतलेल्या. १९४७ मध्ये जे. अर्नेस्ट एअर यांनी लाकडाची चपटी पट्टी एका टोकाला खाच पाडून तोंडावर टेकवली आणि गोल फिरवली. ताज्या पेशी आल्या, आणि नेमक्या जिथे कॅन्सर सुरू होतो तिथल्या आल्या. माझ्या मते या विद्येत रंगाखालोखाल मोठा शोध हा. पेटंटही नको, वीजही नको.

आता वर्ग. पापानिकोलाउंनी रिपोर्टसाठी रोमन आकड्यांत पाच वर्ग पाडले होते. १९५४ च्या त्यांच्या मोठ्या ॲटलासमधून ते जगभर गेले. पहिला: काही वावगं नाही. दुसरा: पेशी वेगळ्या आहेत, पण कॅन्सरचा पुरावा नाही. तिसरा: कॅन्सरची शंका, खात्री नाही. चौथा: दाट शंका. पाचवा: कॅन्सरच. नीट बघा, हे आजाराचे वर्ग नाहीतच. आजार किती पुढे गेला ते यात कुठेच नाही; बघणाऱ्याला किती खात्री आहे तेवढंच आहे. मला ही मांडणी फार प्रामाणिक वाटते. आपल्याला काय माहीत नाही त्याची इतकी सरळ नोंद ठेवणारं कोष्टक वैद्यकात विरळाच.

पण आकडा एकदा कागदावर चढला की तो लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही. कुठे दुसऱ्या वर्गात साधी सूज बसू लागली, कुठे तिसऱ्याचे अ आणि ब पडले, एका लॅबचा तिसरा तो शेजारच्या लॅबचा दुसरा. दरम्यान कॅन्सर एका रात्रीत होत नाही, वर्षानुवर्षं पेशी पायरीपायरीनं बिघडत जातात, हे कळत गेलं. राल्फ रिचर्ट यांनी साठच्या दशकात त्या पायऱ्यांना सीआयएन म्हणून एक, दोन, तीन असे क्रमांक दिले. आता रिपोर्टात दोन-दोन शिड्या आल्या, एक शंकेची आणि एक आजाराची. वॉर्डात लोक एकीचा तिसरा दुसरीचा समजत, आणि त्यावरून गर्भपिशव्या निघत.

हा घोळ मोडला तो एका वर्तमानपत्रामुळे. १९८७ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये वॉल्ट बोग्डानिच यांनी अमेरिकेतल्या पॅपच्या, म्हणजे पापानिकोलाउंच्या तपासणीच्या, गिरण्यांची लक्तरं टांगली. काचेमागे पैसे म्हणून स्क्रीनर बायका दिवसभरात भरमसाट काचा उरकत, काही तर घरी नेऊन बघत. जायचं ते निसटतच होतं. त्या लेखांना पुलित्झर मिळालं आणि १९८८ मध्ये कायदा आला: एका माणसानं दिवसाला शंभराच्या वर काचा बघायच्या नाहीत. शंभर ही वरची हद्द, रोजचा कोटा नव्हे. पण आकड्याचं काय होतं ते वर सांगितलंच. शेतकरी शेतात तासं घालतो तशी काच खालीवर फिरवायची असते, प्रत्येक तास आधीच्यावर थोडं चढवून, म्हणजे मधली पट्टी सुटत नाही. पन्नासाव्या काचेनंतर डोळा पुढे जातो आणि लक्ष मागे राहतं. हे ज्यानं केलं नाही त्याला कायद्यानं सांगून कळायचं नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा गावी मंडळी जमली आणि पाचही वर्ग मोडीत निघाले. आकडे गेले, शब्द आले. पण नव्या पद्धतीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती पहिली ओळ: नमुना पुरेसा आहे की नाही. रक्तानं माखलेली, वाळलेली, पेशीच न आलेली काच आता "निगेटिव्ह" म्हणून खपवता येत नाही. "तपासणीस अपुरा" असं लिहावं लागतं. विरचोंची ती अट शंभर वर्षांनी छापील फॉर्मात आली म्हणायची. शंकेलाही स्वतंत्र घर मिळालं, त्याला आम्ही ॲस्कस म्हणतो. त्याची पुढे अडगळीची खोली झाली, हेही खरं. निर्णय नको असला की टाका ॲस्कसमध्ये.

नंतर गावांच्या नावांची टूमच निघाली. थायरॉइडसाठी पुन्हा बेथेस्डा, लघवीसाठी पॅरिस, लाळग्रंथींसाठी मिलान, स्तनांसाठी योकोहामा. आमची एक सहकारी म्हणायची, आपल्या नशिबी परिषद कधी मिरजेला भरणार?

यातली बरीच गावं सुईमुळे आली. पॅप ही झडलेल्या, खरवडलेल्या पेशींची गोष्ट. गाठीत सुई घालून पेशी ओढण्याची गोष्ट वेगळी. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलात हेस मार्टिन हे सर्जन आणि एडवर्ड एलिस हे तंत्रज्ञ यांनी १९३० मध्ये ती छापली. सुई जाड, अठरा नंबरची. अमेरिकेत ते फार चाललं नाही. पॅथॉलॉजीवाल्यांना तुकडाच हवा होता. स्वीडनमध्ये मात्र स्टॉकहोमला सिक्स्टेन फ्रान्सेन आणि योसेफ झायचेक यांनी पन्नास-साठच्या दशकांत बारीक सुईनं ते पक्कं केलं. तिथे सुई घालणारा आणि काच बघणारा बहुधा एकच माणूस असे, यश त्यात होतं. बोटाला गाठ कशी लागली, सुई आत जाताना करकरली की लोण्यात गेल्यासारखी गेली, हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे त्यालाच काच बोलते.

आपल्याकडे सुई रुजली ती स्वस्त म्हणून. भूल नको, टाका नको, दुपारपर्यंत रिपोर्ट. मानेतली गाठ घेऊन माणूस येतो. पंचविशीतला असेल तर बहुधा टीबी. पन्नाशीचा, गालात तंबाखू धरणारा असेल तर मॅडम आधी त्याला तोंड उघडायला लावत. सुईत दाटसर पू आला तरी निश्चिंत व्हायचं नाही. टीबीचीही गाठ पिकते आणि कॅन्सरचीही आतून सडते. काचेवर त्या चिखलात एखादीच नारिंगी पेशी, काळ्या न्यूक्लियसची, सापडते. मी एकेका काचेवर अर्धा तास घालवलाय तिच्यासाठी. आणि थायरॉइडच्या काही गाठींपुढे सुई हात टेकते. तिथे फॉलिक्युलर कॅन्सर ठरतो तो पेशीनं गाठीचं कवच फोडलं की नाही यावरून, आणि सुईत कवच येत नाही. जगातला कितीही मोठा तज्ज्ञ आणा, तो "शंका" एवढंच लिहील, आणि तेच बरोबर असेल.

शेवटी पुन्हा पॅप, आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलनं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनच्या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर त्या जिल्ह्यात सुमारे एक लाख एकतीस हजार बायकांचा अभ्यास केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या. गावांचे चार गट: एकात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, एकात पॅप, एकात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं, आणि एकात नेहमीचीच व्यवस्था. तपासणी एकदाच. २००९ मध्ये निकाल आला. नेहमीच्या व्यवस्थेतल्या गटात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं चौसष्ट बायका गेल्या, एचपीव्हीच्या गटात चौतीस. पॅपच्या गटात मृत्यूंत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. शिवाय एकदा निगेटिव्ह निघालेल्या बायकांत पुढे झालेल्या कॅन्सरचं प्रमाण पॅपमध्ये एचपीव्हीच्या चौपट होतं.

आमच्या लॅबमध्ये तो निबंध वाचून दोन दिवस कुणी नीट बोललं नाही. मग तर्क लढवले गेले. मला कारण साधं दिसतं. पॅपनं ब्रिटिश कोलंबियात आणि फिनलंडमध्ये मृत्यू खाली आणले ते एकाच बाईची तपासणी दर काही वर्षांनी पुन्हा पुन्हा करून. एका काचेतलं "नाही" कच्चं असतं, चार काचांतलं मिळून पक्कं होतं. कळंब-परंड्याच्या बाईला रोजगार बुडवून आयुष्यात एकदा यायला मिळतं. तिला पहिल्याच खेपेत पक्का "नाही" हवा, आणि तो विषाणूच्या तपासणीतून मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२१ पासून तीच आधी करायला सांगितलंय. माझ्या टेबलाचं काम त्यानं कमी होणार, आणि व्हावंच. उलट बाजूनं पाहिलं तर विषाणू सापडलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतो. त्यातल्या कुणाला थांबवून घ्यायचं, कुणाला घरी पाठवायचं, यासाठी बऱ्याच ठिकाणी पुन्हा काचच बघतात.

निवृत्तीनंतर मी एका खासगी लॅबमध्ये अधूनमधून बसते. परवा एका तरुण स्त्रीरोगतज्ज्ञाचा फोन आला. "मॅडम, तुमच्याकडून रिपोर्ट आलाय, पण यात क्लास कुठे लिहिलाय? क्लास टू असेल तर सोडतो मी पेशंटला." पाच वर्ग मोडले तेव्हा हा मुलगा जन्मलासुद्धा नसेल. कुणा जुन्या सरांकडून शिकला असणार.

"क्लास नाही," मी म्हटलं. "पहिली ओळ वाचा. काय लिहिलंय?"

"सॅम्पल अपुरं."

"मग सोडू नका. पुन्हा घ्या, आणि या खेपेला काच लगेच अल्कोहोलमध्ये टाका."